‘हे बारावीत झालंय’ म्हणून पुढं जाऊ नका

मा. संपादक,

बारावीचा निकाल, नीटचा निकाल आणि लातूरच्या क्लासेसच्या पानभर जाहिराती दरवर्षी आपल्या पेपरात असतात. ज्यांना क्लास परवडला नाही आणि जे सरळ बी.एस्सी.ला आले, त्यांच्याबद्दल थोडं लिहिते. मी त्यातलीच.

माझी अकरावी-बारावी तालुक्याच्या गावी झाली. पटावर ऐंशी नावं, वर्गात आम्ही सात-आठ. बाकीचे लातूर-नांदेडला. त्यांनाही काय बोलावं? नीटमध्ये 180 पैकी 90 प्रश्न बायोचे, पण प्रॅक्टिकलला एक गुण नाही. त्यांच्यापायी आमच्या लॅबचं कुलूप मात्र दोन वर्षं निघालं नाही. जर्नल मागच्या बॅचच्या एका ताईचं बघून उतरवलं. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला 30 पैकी 29 पडले. तो एक गुण कशात कापला, देव जाणे.

मग परभणीला बी.एस्सी. प्रथम वर्ष. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करायची आणि विभाजन होणारी पेशी शोधून गुणसूत्रं बघायची होती. मायक्रोस्कोपला डोळा लावला तर दिसल्या माझ्याच पापण्या. घाबरून मोठी लेन्स फिरवली, स्क्रू खाली घेत गेले आणि कव्हरस्लिप, म्हणजे स्लाइडवरची पातळ काच, कडकन फुटली. ‘हे बारावीत झालंय ना?’ सरांनी विचारलं. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर ते 29 गुण कुठून आले?

भाषेचं दुखणं वेगळंच. दहावीला तंतुकणिका, हरितलवक, सूत्री विभाजन सगळं तोंडपाठ होतं. अकरावीपासून पुस्तक इंग्रजी. मायटोकॉन्ड्रिया म्हणजेच आपली तंतुकणिका, हे मला कुणी सांगितलंच नाही. बारावी संपेपर्यंत मी ती नवीन भानगड समजून घोकत होते.

आम्ही अगदीच कोरे असतो असंही नाही. एकदा मॅडमनी शेतातून सोयाबीनचं झाड मुळासकट आणायला लावलं. मुळावरची गाठ ब्लेडनं कापली तर आत गुलाबी. ते लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच भावकीतलं. गाठीत राहून हवेतला नत्र झाडाला देणारे जिवाणू रायझोबियम. पेरणीआधी बाबा बियाण्याला ज्याचं पाकीट चोळतात, तेच. त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा मी तोंड उघडलं.

म्हणून कॉलेजच्या सर-मॅडमना विनंती आहे. प्रथम वर्षाचा पहिला महिना पोर्शनच्या मागं धावू नका. मायक्रोस्कोप हाताळणं, साध्या स्लाइड करणं आणि दोन्ही भाषांतले शब्द शेजारी-शेजारी लिहिणं, एवढंच घ्या. खर्च म्हणाल तर कांदा, ब्लेड, गुणसूत्रं रंगवायच्या ॲसिटोकार्माइनची बाटली आणि स्पिरिटचा दिवा. मायक्रोस्कोप चौघांत एक असला तरी चालेल, आम्हाला रांगेची सवय आहे.

आणि बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी जर्नल बाजूला ठेवून प्रत्येकाला एक स्लाइड फोकस करायला लावावी. माझे गुण तेव्हाच गेले असते, पण कॉलेजची कव्हरस्लिप वाचली असती.

– बी.एस्सी. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी, परभणी