मिरगाच्या आधी

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि आईकडे देतात. म्हणून कागद घेतला.

आधीच सांगून टाकते. यंदा बाबा लावणीला चिखलात उतरणार नाहीत. विहिरीकडचा कुणगा, तो छोटा तुकडा, सोडून बाकीच्या अठरा गुंठ्यांत भात चारसूत्री पद्धतीने लावायचं. महिन्याची बिनपगारी रजा मंजूर झाली, तुतारी एक्सप्रेसचं तिकीटही काढलं. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असता. आणि दादाचं 'जमीन पड ठेवूया' मला पटत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

बाबा, तुमची लावणी चुकते असं नाही हो. पण तुम्ही युरिया फेकता, वरून सर येते आणि वहाळाची धन होते. डॉ. नारायण सावंतांनी बसवलेल्या या पद्धतीत युरिया आणि डीएपी या खतांची गोळी मातीत दाबायची. 15 सेंमीच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार चूड, म्हणजे रोपांचे झुबके, पुढचा चौकोन 25 सेंमी सोडून. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक गोळी, पूर्ण बोट आत जाईल इतकी खोल, लावणीच्याच दिवशी. खालच्या चिखलात खत धरून राहतं, रोपाला हळूहळू मिळतं, पुन्हा फेकायला नको. गुंठ्याला 625 गोळ्या. रात्री हिशेब घातला, आपल्याला 11,250 लागतात, वजनाने जेमतेम तीस किलो. दाबायला मी आहे, शेजारच्या काकी आहेत. तुम्ही मेरेवर, बांधावर, खुर्ची टाकून दोरी सरळ आहे का ते बघा. तेवढं तुमच्याइतकं कुणाला जमत नाही, हे खोटं कौतुक नाही.

गुडघ्यांचं तुम्ही लपवता. आईनं सांगितलं. तिला ओरडू नका.

आई, तुझ्या टाचांच्या भेगा मला रात्री दिसतात. मागच्या वर्षी तापात तू मलाच 'आये, आये' म्हणून हाका मारत होतीस. डॉक्टर लेप्टो म्हणाले, चिखलपाण्यातून होणारा ताप, तेव्हा वाटलं, त्या चिखलाचं पाणीच नको. पण मग तुझी पेज? गमबूट पाठवलेत, पाच नंबर. घालायचे. 'बूट चिखलात रुततात' वगैरे काही ऐकणार नाही. आरोग्य केंद्रातल्या ताईंना लेप्टोच्या गोळीचं विचार, त्या सांगतील तशीच घे, उशाखाली ठेवू नकोस.

मी सहा वर्षांची असताना तरव्याची, भाताच्या रोपांची, मूठ दिलीत आणि मी मुळं वर करून लावली होती. बाबा हसले नाहीत, रोपं गुपचूप उपटून सरळ लावली. मला ते खूप उशिरा कळलं.

मी येईपर्यंत एवढं करा. मेरेवरचं गिरिपुष्प कुणाला तोडू देऊ नका, लावणीआधी गुंठ्याला तीसेक किलो फांद्या चिखलावर पसरायच्यात. पाला गळला की काटक्या चुलीला. गिरणीवरून भाताचं तूस आणा, अर्धवट जाळून ती काळी राख तरव्याच्या वाफ्यात घाला, रोप ताठ येतं. बियाणं मिठाच्या पाण्यात टाका, लिटरला 30 ग्रॅम. तरंगेल ते कोंबड्यांना, बुडेल ते दोनदा धुऊन सावलीत वाळवा. मूठभर मीठ नको आई, तोलून.

विहिरीकडच्या दोन गुंठ्यांत आपलं मुणगा भातच राहील. तिथं दोरी नाही, गोळी नाही, तुमच्या मनासारखं. फक्त चिखलणीला माणूस लावा, पैसे मी दिलेत.

न्हाणीघरात धरायला दांडी बसवायला मिस्त्री येईल, त्याला चहा देऊन परत पाठवू नका.

तुमची
बाय

ता. क. माळ्यावरचं जुनं इरलं खाली काढून ठेवा. माझ्या डोक्याला अजून बसतं का बघते.