पायाला भिंगरी, काखेत थर्मास

माँटेव्हिडिओ,
16 नोव्हेंबर 2025

ती. आप्पा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार. आजीच्या पायावर डोकं.

पत्र कामून, फोन आहे की, असं आप्पा म्हणतीलच. पण फोनवर आप्पा "हं, बरं, जेवलास का, घे आईशी बोल" एवढ्यात उरकतात, आणि आई बोलायला लागली की माझं सांगायचं तोंडातच राहतं. म्हणून लिहून काढलं. सोनीनं मोबाईलवरून मोठ्यानं वाचून दाखवावं, मधलं गाळू नये. ती काय काय गाळते ते मला माहीत आहे.

आधी तब्येतीचं. ठणठणीत आहे. मागच्या फोटोत गाल बसल्यासारखे दिसले ते दाढी काढल्यामुळं. गुरांचं आईनं परत विचारलं होतं. खरं आहे, या उरुग्वे देशात माणसं पस्तीस लाख आणि गुरं कोटीच्या वर, रविवारी गल्लोगल्ली मांस भाजल्याचा धूर असतो; पण मी नाही खात. मसूर मिळते, तांदूळ इथंच पिकतो, कुकर आहे. एवढ्यावर तीन वर्षं निघाली, आता काय बिघडणार आहे?

पाण्याचं तर मला कुणी विचारूच नये. 2023 ला पासो सेवेरिनो धरण आटून नळाला खारट पाणी आलं, तेव्हा ऑफिसातली मंडळी रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, आमच्या लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलंय, तुमच्या नळाला निदान येतंय तरी. तेव्हापासून माझा भाव वाढला. ही गोष्ट मी तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा आप्पा हसले. यंदा सप्टेंबरात मांजरेचं पाणी आपल्या रानात चढलं, त्या आठवड्यात मात्र फोनवर मी काय बोललो ते आठवत नाही. आप्पा "पंचनामा झालाय" एवढंच म्हणाले. सोनीनं पाठवलेला व्हिडिओ मी इथं खुर्चीत बसून किती वेळा बघितला. आप्पा चिखलात काठी रोवून उभे आहेत आणि मागं सोयाबीन कुठंच दिसत नाही. असो.

आता एक गंमत सांगतो. नीट समजून घ्या, मला कळायला बरेच दिवस लागले. इथं एक पेय आहे, त्याचं नाव माते. आई, दिवसातून पन्नासदा कुणीतरी कुणालातरी "माते?" म्हणून विचारतं. सुरुवातीला मी दरवेळी मान वळवायचो. वाळवलेल्या लहान भोपळ्याचं पात्र असतं, त्यात हिरव्या पानांचा भुगा पाऊणभर, आणि एक धातूची नळी. वरून थर्मासातलं पाणी, कडक पण उकळी न फुटलेलं. उकळलं तर पानं जळतात म्हणे. साखर नाही. चव कशी, तर पाडव्याचा कडुलिंब गुळाशिवाय खाल्ल्यासारखी. आणि थर्मास ज्याच्या त्याच्या काखेत. बसस्टॉपवर, बाजारात, नदीकाठच्या रस्त्यावर. एका हातात लेकरू, दुसऱ्या हातात माते, काखेत थर्मास. काखेत कळसा म्हणतात तो इथं उघड दिसतो.

खरी गोम पुढं आहे. पात्र एक, नळी एक, माणसं सात. ओतणारा एकच. पहिलं पाणी सगळ्यांत कडू म्हणून ते तो स्वतः पितो. मग परत भरून शेजारच्याला देतो. त्यानं तळाशी खुळखुळ वाजेपर्यंत ओढायचं आणि पात्र ओतणाऱ्याला परत द्यायचं; तो भरून पुढच्याला देणार. नळी हलवायची नाही. पुसायची तर नाहीच नाही. उष्टं नावाची भानगडच नाही. आजी, कानावर हात ठेव. मला पहिल्यांदा दिलं तेव्हा मी नळीकडं बघत राहिलो, मग डोळे मिटून ओढलं, आणि चांगल्या घरचा मुलगा म्हणून "ग्रासियास" म्हणालो, म्हणजे धन्यवाद. पुढच्या फेरीत पात्र माझ्यासमोरून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी तेच. पंधरा दिवस मी एक घोट प्यायचो, आभार मानायचो आणि बाकीच्यांकडं बघत बसायचो. वाटलं, परका म्हणून टाळतात की काय. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या पोरानं सांगितलं की मातेच्या बैठकीत "ग्रासियास" म्हणजे "बास, मला आता नको." आभार मानले की तुम्ही उठलात. बसायचं असेल तर गप्प राहून प्यायचं. मी म्हटलं, हे आधी सांगायचं की! येळवसेच्या अमावास्येला रानात आंबील फिरते तेव्हा तरी कोण कुणाचे आभार मानतं?

हे पोरगं मिनास गावचं. गेल्या महिन्यात घरी घेऊन गेलं. इथून सुमारे 120 किलोमीटर, म्हणजे आपल्याकडून सोलापूर गाठल्यासारखं. बाकी देश ताटासारखा सपाट, मिनासला जरा डोंगर लागतात, आपल्या बालाघाटासारखे. इथलं बाटलीतलं पाणी तिथल्या झऱ्याचं. पण गावात शिरताना त्यानं झऱ्याचं काही सांगितलं नाही. म्हणाला, "लोको आमच्या गावचा."

लोको म्हणजे येडा. खरं नाव सेबास्तियान आब्रेउ. फुटबॉलमधला स्ट्रायकर, म्हणजे पुढं उभं राहून गोल मारणारा. 1976 चा जन्म. उंच, केस वाढवलेले, पाठीवर 13 नंबर.

आप्पा, या माणसाचं तुम्हाला जरा सविस्तर सांगतो, कारण त्याचं ऐकताना तुमचीच वाक्यं आठवत होती. "एका जागी बूड टेकत नाही." "पायाला भिंगरी लागलीय." पुणं सोडून हैदराबादला गेलो तेव्हाचं "काय करालास काय तू?" तर अजून कानात आहे. तुमची एका आडतीवर एकतीस वर्षं मुनीमकी, गादी तीच, मालकाची दुसरी पिढी. ह्याचे क्लब तीसच्या वर आणि देश अकरा. मी बोटांवर मोजले: उरुग्वे, अर्जेंटिना, स्पेन, ब्राझील, मेक्सिको, इस्रायल, ग्रीस, इक्वेडोर, पॅराग्वे, एल साल्वादोर. बोटं संपली तरी चिली उरलं.

सुरुवात इथल्याच डिफेन्सोर स्पोर्टिंग क्लबातून. मग 1996 ला अर्जेंटिनात सान लोरेन्झो, 1998 ला स्पेनमध्ये ला कोरुन्याचा क्लब. म्हणजे मोठी नोकरी लागली म्हणायची. पण जम बसला नाही, आणि त्या क्लबानं त्याला लोनवर द्यायला सुरुवात केली. लोन म्हटलं की आप्पांच्या कपाळाला आठी पडते, पण हे बँकेचं नाही. शेजाऱ्याला पेरणीपुरता बैल द्यावा तसा खेळाडू देतात. दावण मालकाची, राबायचं दुसऱ्याच्या रानात. ब्राझील, मेक्सिको, अर्जेंटिना, मधेच घरी, परत मेक्सिको. मीही पुण्यात असताना तीन गिऱ्हाइकांकडं असाच जाऊन आलो, पगार एकाचा आणि बोलणी दुसऱ्याची.

तुम्ही म्हणाल, फिरत राहतो तो माल हलका. आडतीवर तसंच असतं, पोटलीतला नमुना चार दुकानं फिरून आला की खरेदीदार नाक मुरडतो. पण मेक्सिकोत क्रूझ अझुलकडून खेळताना एका हंगामात लीगमध्ये सगळ्यांत जास्त गोल ह्याचे. दोरादोस नावाच्या लहान क्लबात 2006 ला ह्याच्या जोडीला कोण होतं, तर पेप ग्वार्दिओला, पुढं मोठा प्रशिक्षक झाला तो. सोनीला विचारा, तिला नाव माहीत असेल. उरुग्वेकडून 70 सामने, 26 गोल. इतकी गावं हिंडला तरी देशाचं बोलावणं शोधत यायचंच.

सगळंच कौतुकाचं आहे असं नाही. चव्वेचाळीस वर्षांचा होईपर्यंत खेळला, 2021 ला थांबला. शेवटचे काही क्लब अगदी बारके. मिनासच्या पोराचे वडील म्हणाले, "त्याला थांबताच येत नव्हतं." यावर मी काही बोललो नाही. माते ओढत राहिलो.

पण 2 जुलै 2010 चा विषय निघाला आणि घरातले सगळे एकदम बोलायला लागले. वर्ल्ड कप, जोहान्सबर्ग, क्वार्टर फायनल, समोर घाना. 1-1. जादा वेळ संपता संपता उरुग्वेच्या गोलात जाणारा चेंडू त्यांच्याच सुआरेझनं हातानं अडवला. त्याला बाहेर काढलं, घानाला पेनल्टी मिळाली आणि ती आडव्या दांड्याला लागली. मग सामना पेनल्ट्यांवर आला. उरुग्वेची शेवटची मारायला आला हा येडा. गेली आत की सेमीफायनल, 1970 नंतर पहिल्यांदा. अशा वेळी माणूस काय करील? कोपरा बघून जीव खाऊन हाणील. हा पळत आला आणि चेंडूला खालून नुसतं उचललं, आई सुपातून दाणे उडवते तेवढंच. गोलकीपर केव्हाच एका अंगावर पडलेला. चेंडू मधोमध, सावकाश, तरंगत आत. या फटक्याला पानेन्का म्हणतात, कारण चेकोस्लोव्हाकियाच्या पानेन्कानं 1976 च्या युरो फायनलमध्ये तो मारला होता. ह्याच्या जन्माच्याच साली. आणि हे त्या क्षणी सुचलेलं येडेपण नव्हतं. त्याच एप्रिलात ब्राझीलमध्ये बोटाफोगोकडून फ्लामेंगोविरुद्ध ह्यानं अशीच मारली होती.

आपल्याकडं तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले असणार. म्हणजे रब्बीत आप्पा बॅटरी घेऊन मोटर चालू करायला रानात जातात ती वेळ.

2017 संपता संपता त्यानं 26 वा क्लब धरला. त्याआधीचा विक्रम 25 क्लबांचा, लुट्झ फानेनश्टील नावाच्या जर्मन गोलकीपरचा. तो मोडला म्हणून ह्याचं नाव गिनेस बुकात. तो 26 वा क्लब ऑडॅक्स इटालियानो, चिलीतला, राजधानी सँटियागोचा.

सँटियागोचं नाव मी मुद्दाम इतक्या उशिरा आणलं. आई, बसून ऐक. मला तिथं नोकरी लागली आहे. 2 मार्चला हजर व्हायचं. बदली नव्हे, कंपनीच दुसरी. इथलं काम जानेवारीअखेर संपतंय, मला काढलेलं नाही, मीच आधी शोधून ठेवलं. हे आप्पांनी नीट ऐकावं. पगार थोडा जास्त आहे. तिकडच्या उन्हाळ्यात तिथलं घड्याळ इथल्यासारखंच चालतं, म्हणजे तुमच्या सकाळी सहाला मी फोन करतो ते तसंच.

भूकंपाचं तुम्ही विचारायच्या आत सांगतो. होतात, मोठे होतात. पण तिथली घरं ते धरूनच बांधतात. किल्लारीला धरणीकंपापेक्षा दगडमातीच्या भिंतींनी माणसं मारली, हे मला आप्पांनीच सांगितलंय. मी सहाव्या मजल्यावर राहणार आहे. हे खरं तर लिहायला नको होतं.

आता पैशाचं. चार लाख पाठवले आहेत. त्यातून सोनीच्या लग्नाच्या कार्यालयाची उरलेली रक्कम आणि बस्ता. बस्त्यात सोनीच्या पसंतीला हात आखडू नका, बाकीच्यांचा मानपान कमी झाला तर त्यांना माझं नाव सांगा. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचे पाच हप्ते राहिलेत, ते इथून जातात, तुम्ही बँकेत जायचं नाही. रानातली माती खरवडून गेलीय तिथं गाळ टाकायला पन्नास हजार वेगळे पाठवलेत. मागच्या वेळी केलं तसं ते सोनीच्या खात्यावरून मला परत पाठवू नका, आप्पा. आणि आभारही मानू नका. त्याचा इथं काय अर्थ होतो ते वर लिहिलंय.

मी लग्नाला येतो, तिकीट काढलंय. फेब्रुवारीत, हळदीच्या आदल्या दिवशी पोचेन. बारा दिवस राहीन. बस्त्याला नाही, येळवसेलाही नाही. यंदा भज्जीची वाटी माझ्या नावानं कुणाला तरी वाढा. सलग चौथं वर्ष आहे, मला माहीत आहे.

निलंग्याच्या स्थळाचं म्हणाल तर त्यांनी "मुलगा स्थायिक कुठं?" असं विचारलं त्यात त्यांचं चुकलं नाही. खरं काय ते सांगा. मुलीला वाटलं तर मी फोनवर बोलेन, वडिलांना नको, तिच्याशी. नकार आला तर आईनं देवाला कौल लावत बसू नये. माझ्या बायोडाट्यावर "स्थायिक: माँटेव्हिडिओ" आहे ते तेवढं खोडा. त्या जागी काय लिहायचं ते मला काल रात्रभर सुचलं नाही. मूळ गाव राहू द्या.

सोनी, हे पुढचं मोठ्यानं वाचू नको. आजीला फक्त "बदली झाली" एवढं सांग. बदली म्हटलं की तिला सरकारी नोकरीसारखं वाटतं आणि बरं वाटतं. आप्पा पत्र ऐकून काही न बोलता उठून गेले तर मला मेसेज कर, मी लगेच फोन लावीन. नाही गेले तरी कर.

तुमचा,
गणू

ता. क. येताना मातेचं पात्र आणि पानं आणतोय. पानं चहात टाकू नका. आजीसाठी वेगळी नळी घेतली आहे.