वाडी विचारून घर नाकारणाऱ्यांना कायदा काय करतो, मंत्रीमहोदय?

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम जय भीम.

मी चिपळुणात परिचारिका आहे. गेल्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके भाड्याने घ्यायचं ठरवलं. टोकन दिलं, आधार कार्डांच्या झेरॉक्स दिल्या. संध्याकाळी एजंटाचा फोन आला, "ताई, गाव खेड तालुक्यातलं ना? वाडी कुठली?" मी सांगितली. सकाळी टोकन परत. "मालकांच्या पुतण्याला जागा लागतेय." तोच फ्लॅट आजही त्या एजंटाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर 'भाड्याने देणे आहे' म्हणून झळकतोय.

कोकणात जात विचारावी लागत नाही, वाडी विचारली की पुरतं. डिसेंबर 2020 मध्ये सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. आमच्या वाडीचा फलक बदलला. विचारणारे बदलले नाहीत.

दुसरा मजला आम्ही हौसेने शोधत नव्हतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. गुडघ्यांनी अधू झालेल्या सासूबाईंना आम्ही उचलून पोटमाळ्यावर चढवलं. खाली तांदूळ, मुलीची पुस्तकं, माझी नर्सिंगची सर्टिफिकेटं, सगळ्याचा लगदा झाला. अजूनही पावसाची झड लागली की सासूबाई रात्रभर उशाशी बॅटरी घेऊन बसून राहतात. हे मी कुणाला सांगू? भाडं वेळेवर देणारी, सरकारी पगाराची माणसं आहोत आम्ही. आणखी काय हवं?

"तक्रार करा" असं सगळे सांगतात. नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955, कलम 4. मी वाचलाय. राहत्या जागेचा उल्लेख त्यात आहे. पण अस्पृश्यतेपोटी नाकारलं हे सिद्ध करायचं कसं? पुतण्या पुढे केला की विषय संपला. आणि सिद्ध झालंच तर एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. पाचशे रुपये! एजंटाची दलाली त्याच्या कितीतरी पट असते. माझ्यासोबतच्या मुस्लिम सिस्टरला "तुमच्या मोहल्ल्यात बघा" म्हणून परत पाठवतात, तिला तर हा कायदाही लागू नाही. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने 2006 मध्येच हे लिहून ठेवलंय. कुणी काय केलं?

घटनेच्या कलम 15 मध्ये विहिरी आहेत, तलाव आहेत, दुकानं, हॉटेलं आहेत. भाड्याचं घर नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच्याही आधी बडोद्यात नोकरीवर असताना त्यांना कुणी घर दिलं नव्हतं. पारशी नाव घेऊन पारशांच्या पथिकाश्रमात राहिले, तर पारशी माणसं काठ्या घेऊन आली आणि त्यांना बाहेर काढलं. तळं आम्हाला मिळालं, घराचं भांडण तिथेच आहे. दरवर्षी 20 मार्चला रखडलेल्या महामार्गावरून पुढारी महाडला येतात, भाषणं करतात, जातात. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका सोसायटीचा 'फक्त पारशांनाच सभासदत्व' हा नियम ग्राह्य धरला. त्यानंतर सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली. एकालाही यावर कायदा करावासा वाटला नाही.

तुमच्या 2025 च्या गृहनिर्माण धोरणाचं नाव 'माझे घर, माझा अधिकार'. 2030 पर्यंत 35 लाख घरं, 70 हजार कोटींची गुंतवणूक. बांधा जरूर. पण किल्ली देणारा आधी वाडी विचारणार असेल, तर हा अधिकार नक्की कुणाचा, ते धोरणात लिहा.

घर विकणाऱ्या एजंटाला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची नोंदणी आणि परीक्षा सक्तीची आहे, भाड्याचं काम करणारा मात्र मोकळा. त्यालाही नोंदणी लावा, आणि जात-धर्म विचारला की ती रद्द करा. भाडेकरूला नकार देणाऱ्या सोसायटीकडून कारण लेखी घ्या. केंद्राचा विषय आहे असं सांगू नका. रायगडात वाळीत टाकण्याची प्रकरणं गाजली, तेव्हा याच राज्याने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतःचा कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड ठेवला. जात-धर्म पाहून घर नाकारणाऱ्याला तेवढीच शिक्षा देणारं विधेयक येत्या अधिवेशनात मांडणार आहात की नाही, ते लेखी कळवा.

एक परिचारिका,
चिपळूण