ऑल्गाबाईंचं पत्र

प्रिय सुऱ्या,

परवा फोनवर तू म्हणालास की कीटकनाशकांवरचा लेख अर्धवट सोडला, लिहून काय घंटा फरक पडतो. तेव्हा मला काही सुचलं नाही, सुचलं ते फोन ठेवल्यावर, नेहमीसारखं, म्हणून हे पत्र.

रेचल कार्सन या अमेरिकन लेखिकेचं कीटकनाशकांवरचं 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक माहितीये ना, १९६२ चं? त्याला निमित्त झालं ते एका मैत्रिणीचं पत्र. ऑल्गा हकिन्स नावाच्या बाई मॅसॅच्युसेट्समधल्या डक्सबरीला राहायच्या. तिथे १९५७ च्या उन्हाळ्यात डास मारायला विमानातून डीडीटी फवारलं आणि यांचे सात पक्षी तडकाफडकी मेले, चोची वासलेल्या, नख्या छातीशी आवळलेल्या. बाईंनी पेपरला खरमरीत पत्र लिहिलं आणि कॉपी कार्सनला धाडली. डीडीटी म्हणजे तेव्हा हिरो होतं रे, ते किडे मारतं हे शोधणाऱ्या पॉल म्युलरला १९४८ चं नोबेल मिळालेलं, सात पक्ष्यांचं कोण ऐकतंय!

आणि पक्षी मरतायत हे शास्त्रज्ञांना माहीत नव्हतं असं थोडीच आहे, रिपोर्ट होतेच, पडून होते. कार्सनने ते विष कुठून कुठे जातं ते दाखवलं. एल्मची झाडं रोगापासून वाचवायला फवारणी करायची, विष पानांना असं चिकटायचं की पावसानेही जायचं नाही, मग पानं गळली की ती गांडुळं खाणार आणि वसंतात परत आलेला रॉबिन पक्षी ती गांडुळं खाणार. अकरा मोठी गांडुळं पोटात गेली की रॉबिनला मरायला पुरेसा डोस, आणि तेवढी तर तो दहाबारा मिनिटांत फस्त करतो. पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग विष, असं म्हटलं की आपण पान उलटतो, पण गांडूळ सगळ्यांनी पाहिलेलं असतं!

एक मात्र मला खटकतं. पहिल्या प्रकरणातलं ते पक्षी गप्प झालेलं गाव काल्पनिक आहे. तिने तसं सांगितलंय, तरी विरोधकांच्या हातात आयतं कोलीत मिळालं, मॉन्सँटो या केमिकल कंपनीने तर विडंबनच छापलं. मागे पन्नासहून जास्त पानं नुसते संदर्भ आहेत, ती कोण वाचतंय, आणि सगळीच कीटकनाशकं बंद करा असं ती म्हणालीच नव्हती.

एप्रिल १९६३ मध्ये सीबीएस या अमेरिकन टीव्ही चॅनेलने पुस्तकावर कार्यक्रम केला तर पाचपैकी तीन स्पॉन्सर पळाले, तरी झाला, त्यात पांढरा कोट घातलेला एका केमिकल कंपनीचा शास्त्रज्ञ तावातावाने बोलतोय आणि कार्सन शांत, कॅन्सरने पोखरलेली. वर्षभराने गेली. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ ला.

फवारणीनंतर ऑल्गाबाईंनी पक्ष्यांचं अंघोळीचं भांडं रिकामं करून घासून काढलं होतं, तरी त्या सातांतले तीन भांड्याभोवतीच मेलेले सापडले. ते भांडं माझ्या डोक्यातून जात नाहीये. तो अर्धवट लेख आहे तसा पाठव, मी वाचतो.

तुझाच,
बाळ्या