नानांच्या पेटीविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे माझ्या टेबलावर उत्तरावाचून पडून आहेत आणि त्याचे कारण सवड नसणे हे नाही. तुला जे सांगायचे आहे ते लिहायला हात उचलत नव्हता. आमच्या सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत, माझा गुडघाही आता बरा आहे. आज लिहितो आहे ते नानांच्या हत्यारांच्या पेटीविषयी.

गेल्या वर्षअखेरीस घरातली अडगळ हलवण्यासाठी मी अंगणात प्लास्टिकची शेड उभी करायचे ठरवले. 2.4 मीटर लांब, 1.8 मीटर रुंद, पोकळ दुहेरी भिंतींची, सुटे भाग जोडून उभारायची. ही मापे वाचताच तुझ्या लक्षात आले असेल. ओट्याची चौकट आखताना मी दोन्ही कर्ण मोजले, तर एक 3 मीटर 7 मिलिमीटर आणि दुसरा 2 मीटर 993 मिलिमीटर भरला. बाजू तीन-चार-पाचच्या प्रमाणात असल्या की काटकोन मिळतो, तो त्रिकोण नानांनी आपल्याला दोरीला गाठी मारून शिकवला होता तो असा समोर आला. दोन्ही कर्ण बरोबर 3 मीटर येईपर्यंत मी चौकट हलवत राहिलो आणि मगच काँक्रीट ओतले. थोरला म्हणत होता की एवढ्याने काय बिघडते. पण खालचा पाया काटकोनात आणि पाणसळीत नसेल, तर भिंतींच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत आणि शेवटी दाराची कडी लागत नाही, हे त्याला दार बसवताना पटले.

जोडणीला आम्हा दोघांना दीड दिवस लागला. सगळे भाग आधी जमिनीवर मांडून त्यांवरचे क्रमांक जुळवून घेतले, नाहीतर डावी आणि उजवी भिंत ओळखता येत नाही. दुपारी वारा सुटला तेव्हा छताचा पत्रा शिडासारखा फुगायला लागला, म्हणून ते काम दुसऱ्या दिवशी सकाळवर टाकले. स्क्रू सगळे हातानेच पिळले. प्लास्टिकमध्ये यंत्राने स्क्रू एकदा जास्त फिरला की भोक मोठे होते आणि मग तो कधीच धरत नाही. रिकामी शेड वाऱ्याने सरकेल इतकी हलकी असते, त्यामुळे आत काही ठेवण्याआधी ती चारही कोपऱ्यांत काँक्रीटला बोल्टने जखडली.

दाराने मात्र आपले जुने भांडण उकरून काढले. सकाळी सहज लागणारे दार दुपारी चौकटीला घासायला लागले. शेडचे प्लास्टिक, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, उष्णतेने बरेच पसरते, 2.4 मीटरच्या भिंतीत 30 अंशांच्या फरकाने सात-आठ मिलिमीटर वाढ होते. वाचनालयाच्या कपाटाच्या दाराला फट ठेवावी असे तू म्हणत होतास आणि फट दिसते वाईट असे मी म्हणत होतो. पहिल्याच पावसात लाकूड फुगून दार अडकले आणि आपण तीन आठवडे बोललो नाही. तेव्हा नाना म्हणाले होते, "दारात फट ठेवली नाहीत, म्हणून ती दोघांत पडली." या वेळी मी बिजागऱ्या सैल करून फट ठेवली आणि तू बरोबर होतास हे दारापाशी उभा राहून मोठ्याने म्हणालो. ते तुला कळवायचे इतकी वर्षे राहून गेले होते.

आता मूळ गोष्ट. शेड इतकी नीट बसली की मला तिचा अभिमान वाटला, आणि त्या भरात घरातल्या कपाटावर आठ वर्षे जपलेली नानांची पेटी मी तिथे नेऊन ठेवली. आणि ठेवली तीही थेट जमिनीवर. ओटा ओतून जेमतेम एक आठवडा झाला होता. नवे काँक्रीट पुढे कित्येक आठवडे ओल सोडत राहते, हे मला ठाऊक असायला हवे होते. त्यात धूळ येऊ नये म्हणून छताजवळच्या दोन्ही झडपा मी चिकटपट्टीने बंद केल्या. 30 अंशांची हवा घनमीटरला सुमारे 30 ग्रॅम बाष्प धरू शकते, 20 अंशांची जेमतेम 17. दिवसभर तापलेल्या कोंदट हवेतले जास्तीचे पाणी रात्री छताच्या आतल्या बाजूला थेंबांनी लटकत होते. सकाळी हवा लवकर तापते, पण जाड लोखंड गारच राहते, त्यामुळे सगळी ओल त्यावर धरते. बाहेरून बघावे तर शेड कोरडी ठणठणीत होती, पावसाचा एक थेंबही आत आला नव्हता.

पाच आठवड्यांनी मी पेटी उघडली. करवतीवर तांबूस पावडर होती, गिरमिटाचा दांडा खरखरीत झाला होता आणि रंध्याचे पाते खोबणीत अडकून बसले होते. मी तिथेच खाली बसलो. दोन दिवस बारीक काचपेपर आणि तेल घेऊन एकेक हत्यार घासले. करवत, गिरमिट, हातोडी स्वच्छ झाली. झडपा उघडल्या आहेत, जमिनीवर फळ्यांची मांडणी केली आहे, आणि शेडमध्ये आता फक्त कुदळ-फावडी, बादल्या आणि पाण्याची नळी ठेवतो. पेटी पुन्हा घरात, माझ्या पलंगाखाली आहे.

एकाच गोष्टीपाशी मी अडलो आहे. ती लहान पटाशी, जिच्या मुठीवर नानांनी तुझ्या नावाचे अक्षर कोरले होते, तिच्या धारेला लागूनच गंजाचा खड्डा पडला आहे, मोहरीच्या निम्म्याने असेल. तो काढायचा तर पाते दगडावर एक-दीड मिलिमीटर मागे घासावे लागेल, आणि मग नानांनी शेवटची लावलेली धार राहणार नाही. त्या धारेने मी कधी काही कापले नाही. पण खड्डा तसाच ठेवला तर गंज आत खात जाईल, अशी भीतीही वाटते. गेले पंधरा दिवस मी दगड भिजवतो आणि पुसून पुन्हा ठेवून देतो.

वहिनींच्या डोळ्यांचे काय झाले ते कळव. धाकटीचे अभिनंदन, नव्या नोकरीत तिचे मन रमले असेल अशी आशा आहे. माझ्यावर रागावलास तरी चालेल, पण पटाशीचे लिहायला विसरू नकोस. तू सांगशील तसेच करीन. तोवर तिचे पाते तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवले आहे.

तुझाच,
जुना सोबती