पी आयलंडचे जीवरक्षक लेखातून राहून गेले

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या आऊटर बँक्स किनाऱ्यावरचा लेख वाचला. राईट बंधू आले, केप हॅटरसचं लाईटहाऊस आलं, फोटो पण मस्त. पण त्याच रस्त्यावर पी आयलंड लागतं आणि तिथल्या लाईफ सेव्हिंग स्टेशनबद्दल (बुडत्या जहाजांवरच्या माणसांना वाचवणाऱ्या किनाऱ्यावरच्या ठाण्याबद्दल) एक ओळही नाही, म्हणून लिहितोय. आम्ही इथे नॉर्थ कॅरोलायनातच राहतो, पाहुणे आले की तिकडे हमखास जाणं होतं, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे स्टेशन माहीतच नसतं.

हा किनारा जहाजांना फार वाईट. १८७७ च्या नोव्हेंबरमध्ये नॅग्ज हेडजवळ नौदलाचं ह्युरॉन जहाज वाळूत रुतलं, किनारा अगदी जवळ होता तरी ९८ माणसं गेली, कारण स्टेशनं ठराविक महिनेच चालू असायची आणि तो सीझन सुरू व्हायचा होता, म्हणून जवळचं स्टेशन बंद! मग आरडाओरडा झाला, स्टेशनं वाढली, कामचुकार कीपर, म्हणजे स्टेशनचे प्रमुख, काढायला सुरुवात झाली. पी आयलंडच्या कीपरलाही असंच घालवलं आणि जानेवारी १८८० मध्ये रिचर्ड एथरिज यांना नेमलं. गुलामीत जन्मलेला माणूस, अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेला, समुद्र लहानपणापासून ओळखणारा. तोवर काळ्या माणसांना या स्टेशनांवर सगळ्यात खालची जागा मिळायची. आता कीपरच काळा म्हटल्यावर त्याच्या हाताखाली काम करायला गोरे तयार नव्हते, म्हणून आजूबाजूच्या स्टेशनांवरची काळी माणसं इथे आणली. थोड्याच महिन्यांत स्टेशन जळालं, कोणीतरी मुद्दाम आग लावली असा संशय होता. एथरिज यांनी ते परत उभं केलं आणि माणसांकडून इतकी ड्रिल करून घेतली की पुढे या किनाऱ्यावर त्या टीमचं नाव झालं.

११ ऑक्टोबर १८९६ ची रात्र मात्र नीट सांगायलाच हवी. चक्रीवादळ होतं, पाणी पार वाळूवर चढलेलं, त्यामुळे किनाऱ्यावरची गस्त बंद ठेवलेली. स्टेशनवरून पहारा करणाऱ्या थिओडोर मीकिन्स यांना लांब उजेड दिसल्यासारखा वाटला, त्यांनी फ्लेअर (इशाऱ्याचा प्रखर उजेड) सोडला तर तिकडून उत्तर आलं. ई. एस. न्यूमन नावाचं शिडाचं जहाज दोन मैल दक्षिणेला आपटलं होतं, कॅप्टनची बायको आणि तीन वर्षांचं मूल पण त्यावर. गाडीला खेचरं जुंपून सगळे पोचले खरे, पण दोर फेकायची छोटी तोफ असते तिचा नांगर रोवायला कोरडी वाळूच नव्हती. मग एथरिज यांनी आपल्या दोन माणसांना एकत्र जाड दोराने बांधलं, दोराचं दुसरं टोक बाकीच्यांनी धरलं, आणि ते दोघं लाटांत शिरले. आधी बाळ आणलं. मग जोडी बदलत, पुन्हा पुन्हा जात, सगळेच्या सगळे ९ जण बाहेर काढले. कॅप्टनने नंतर जहाजाच्या नावाची वाहून आलेली फळी शोधून त्यांना दिली. सरकारने त्या वेळी काही दिलं नाही. गोल्ड मेडल मिळालं १९९६ मध्ये, म्हणजे बरोबर १०० वर्षांनी, तेव्हा त्यातलं कोणी हयात नव्हतं!

लोक ही एकच रात्र सांगतात. मला वाटतं रोजचं काम त्याहून मोठं आहे. रात्री अंधारात, थंडीत वाळू तुडवत जायचं, शेजारच्या स्टेशनचा माणूस अर्ध्या वाटेत भेटला की दोघांनी बिल्ले बदलायचे, म्हणजे गस्त खरंच झाली याचा पुरावा. एथरिज १९०० साली गेले, त्यांच्या जागी बेंजामिन बाउझर आले, पण स्टेशन १९४७ मध्ये बंद होईपर्यंत काळ्या माणसांनीच चालवलं. ही सगळी स्टेशनं चालवणारी मूळ लाईफ सेव्हिंग सर्व्हिस १९१५ मध्ये कोस्ट गार्डमध्ये मिळाली आणि आज कोस्ट गार्डच्या एका जहाजाला एथरिज यांचं नाव आहे.

त्या स्टेशनचं स्वयंपाकघर मँटिओ गावात हलवलंय आणि तिथे छोटं म्युझियम आहे, जाणाऱ्यांनी आधी वेळ बघून घ्यावी. एथरिज यांची कबर रोअनोक आयलंडवरच्या ॲक्वेरियमच्या आवारात आहे, मुलांना मासे दाखवायला तिथे जाताच, तर दहा मिनिटं तिकडेही काढा. आणि साहेब, पुढच्या एखाद्या पुरवणीत या स्टेशनला निदान अर्धं पान द्या.

– एक वाचक, कॅरी, नॉर्थ कॅरोलायना