बंदर रंगवा, पण कामासकट

मा. संपादक,

नाशिकमधल्या जलरंगांच्या प्रदर्शनांत कोकणातल्या बंदरांची चित्रे हमखास असतात. आपल्याला समुद्र नाही, तेव्हा ही ओढ समजते, आणि रंगकामही बहुधा सुरेखच असते. पण ही बंदरे सदा सामसूम. एक कललेली होडी, दोन माड, लांबवर पाठमोरी कोळीण, की झाले बंदर! जुनी बंदरे हरवत चालल्याची हुरहूर दाखवायची आणि तिथले कामच गाळायचे, हे काही पटत नाही.

हर्णैला संध्याकाळच्या लिलावाला जाऊन पाहावे. बोटी खोल पाण्यात उभ्या असतात, मासळी बैलगाड्यांतून वाळूवर येते आणि ढिगांभोवती गिऱ्हाइकांचे कोंडाळे पडते. बर्फ, डिझेलची पिंपे, प्लास्टिकचे क्रेट, बायकांची घासाघीस. यातले चित्रात काय उतरते? लाकडी होड्या कमी होऊन फायबरच्या आल्या, तर त्या खोडून कशा चालतील? (फायबरचा तो भडक निळा कागदावर सांभाळणे जिकिरीचे, हे मान्य.) मुंबईचा १८७५ सालचा ससून डॉक मुळात कापसाच्या व्यापारासाठी बांधलेला. आज तो मासळीसाठी ओळखला जातो. मग त्याचे ‘जुने रूप’ म्हणून नेमके कोणते रंगवायचे?

आणखी एक. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ओढून शाकारलेल्या बोटी पाहून चित्राला ‘ओस बंदर’ नाव देणे म्हणजे मे महिन्यात शाळा पाहून ती बंद पडली म्हणण्यासारखे आहे. बोटी किनाऱ्यावर असतात तेव्हाच तर जाळ्यांची, इंजिनांची डागडुजी होते.

गोदाघाटाचेही आपण तेच केले आहे. रामकुंड, नारोशंकराचे देऊळ, दुतोंड्या मारुती कितीदा रंगवले असतील! शेजारी भरणारा बुधवारचा बाजार, तिथली ताडपत्री, भाजीची पोती, तराजू मात्र क्वचितच दिसतात. सिंहस्थ तोंडावर आहे, घाटाचा परिसर पुन्हा बदलेल. चित्रकारांनी येत्या बुधवारपासूनच तिथे बसावे. आणि आयोजकांनी बंदराच्या असोत की घाटाच्या, प्रत्येक चित्राखाली गाव, महिना आणि वेळ लिहायला लावावी. चित्रातली सामसूम दुपारची आहे की कायमची, एवढे तरी कळेल.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक